जांभळ्या लाईटची भानगड : रीफ टँकसाठी यूव्ही आणि व्हायोलेट एलईडी कसे निवडायचे

आमच्या लातुरात २०१६ साली पाणी रेल्वेनं आलं होतं, मिरजेहून, अख्ख्या देशानं टीव्हीवर बघितलं, आणि त्याच लातुरात मी हॉलमध्ये खाऱ्या पाण्याचा टँक, म्हणजे रीफ टँक, मांडून कोरल, म्हणजे प्रवाळ, पाळायलोय म्हणल्यावर पाहुणे कसे बघत असतील ते सांगायला नको. संध्याकाळी जांभळा लाईट लागला की आई म्हणते, "काय रे हे, घरात ऑर्केस्ट्रा बसवलास का?" असू दे. मुद्दा असा की नांदेड, परभणी, संभाजीनगरकडची नवीन पोरं टँक लावायलेत आणि सगळ्यांचा मेसेज एकच, दादा यूव्हीवाला लाईट घेऊ का साधा निळा घेऊ. दरवेळी तेच तेच टाईप करून कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहून काढतो.

आधी यूव्ही या शब्दाचा गोंधळ मिटवू, कारण दुकानात तीन वेगवेगळ्या वस्तू एकाच नावानं विकतात. एक असतंय यूव्ही स्टरिलायझर, म्हणजे नळीच्या आत बंद दिवा, २५४ नॅनोमीटरचा यूव्हीसी (नॅनोमीटर म्हणजे उजेडाच्या लहरीची लांबी मोजायचं माप, पुढं ३६५, ४५० असे आकडे येतील ते तेच; यूव्हीसी म्हणजे सगळ्यात कडक यूव्ही), पाणी त्याच्याजवळून जाताना त्यातले जंतू आणि हिरवं शेवाळ मरतं. तो दिवा उघडा टँकवर लावायचा नसतो, कोरल मरतील आणि तुमचे डोळे जातील. घरच्या पिण्याच्या फिल्टरमध्येही बहुतेक तसलाच असतो. दुसरी वस्तू म्हणजे ब्लॅकलाईट, नोटा तपासायच्या मशीनमध्ये असतो तो, ३६५ च्या आसपास, हा खरा यूव्ही, त्यातला सौम्य, यूव्हीए, पण आपल्या कामाचा नाही. आणि तिसरी, जी आपल्याला पाहिजे, ती म्हणजे रीफ लाईटमधले यूव्ही नाव लिहिलेले डायोड, म्हणजे एलईडीचे बारके दिवे, ते साधारण ३९५ ते ४०५ चे असतात, आणि व्हायोलेट लिहिलेले ४१५ ते ४३० चे. आता अल्ट्राव्हायोलेटची हद्द ४०० ला संपते, म्हणजे डब्यावर मोठ्या अक्षरात यूव्ही लिहिलेलं असलं तरी आत बहुतेक गडद जांभळाच असतोय, खरा यूव्ही नावापुरता. फसवलं म्हणून चिडू नका, आपल्याला तेच पाहिजे. पण त्यानं टँकमधलं शेवाळ मरतं, माशांचा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग जातो असं कुणी सांगितलं तर गुमान दुकानातून उठा.

पहिली पायरी, कोरलला लाईट कशाला लागतो ते समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं पोपटपंची होईल. कोरल हा प्राणी आहे, झाड नाही, पण त्याच्या अंगात बारीक शेवाळं भाडेकरू म्हणून राहतात, झूझँथेली म्हणतात त्यांना, ती उजेडातून अन्न बनवतात आणि त्यातलं बरंचसं मालकाला देतात. या शेवाळातलं क्लोरोफिल-ए ४३० च्या आसपासचा उजेड चांगला ओढतं, क्लोरोफिल-सी ४५० च्या आजूबाजूला, आणि पेरिडिनिन म्हणून अजून एक रंगद्रव्य असतं ते निळ्यापासून हिरवटापर्यंतचं खातं. म्हणजे पोट भरायचं काम निळ्या पट्ट्यात होतं, आणि त्याचा राजा रॉयल ब्लू, ४५० च्या आसपासचा. जांभळा काय करतो मग? थोडं पोट भरतो, पण त्याचं मोठं काम दुसरं, कोरलचे रंग पेटवणं.

कोरलच्या कातडीत चमकणारी प्रोटीन असतात. एका रंगाचा उजेड खायचा आणि दुसऱ्या रंगाचा बाहेर टाकायचा. यातलं पहिलं हिरवं प्रोटीन जेलीफिशमध्ये सापडलं, त्यावर २००८ चं केमिस्ट्रीचं नोबेल तिघांना मिळालं, आणि १९९९ मध्ये कोरलच्या भाऊबंदांमध्ये पण अशी प्रोटीन सापडली, त्यातलं लाल तर मशरूम कोरलमधून काढलं, तोच डिस्कोसोमा जो आपण दोन पॉलिप (म्हणजे कोरलचे एकेक जीव) घेऊन सुरुवात करतो. निळसर-सायन चमकणारी प्रोटीन बहुतेक व्हायोलेटवर पेटतात, हिरवी निळ्यावर जास्त. म्हणून निस्ता रॉयल ब्लू लावला तर हिरवं झगमगतं पण काही झुआंच्या (झोअँथिड, बटणासारखे मऊ कोरल) कडेचा तो निळा-जांभळा रंग उठतच नाही, त्याला ४०० ते ४३० पाहिजे.

हे घरच्या घरी बघायचं असेल तर चिमूटभर हळद स्पिरिटमध्ये किंवा गोडेतेलात घोळा, काचेच्या ग्लासात गाळा आणि जांभळ्या लाईटखाली धरा. पिवळं पाणी हिरवट पेटल्यासारखं दिसतंय. झुआत पण असंच होतं, फक्त तिथं हळदीच्या जागी प्रोटीन. माझ्या पुतण्याला हे दाखवलं तर तो म्हणला, काका मग हळदीचंच कोरल म्हणून ठेवा ना, स्वस्तात होईल.

आणि एक उलटी बाजू. सगळेच रंग चमकणारे नसतात. काही गुलाबी, जांभळे, निळे रंग निस्ते उजेड परत फेकून दिसतात, आपल्या साडीच्या रंगासारखे, त्यांना थोडा पांढरा लाईट लागतोच. टँकवर सगळंच निळं-जांभळं केलं तर ते कोरल काळपट दिसतात आणि तुम्हाला वाटतं मरायला लागलं. म्हणून व्हॉट्सॅपवर विकणाऱ्याचे फोटो बघून उड्या मारू नका, ते फोटो बहुतेक पूर्ण निळ्यात, मोबाईलवर नारंगी फिल्टर लावून काढलेले असतात. म्हणायचं, भाऊ, पांढऱ्या लाईटमध्ये एक फोटो टाक. टाकला नाही तर समजून घ्या.

दुसरी पायरी, लाईटच्या आधी कोरल ठरवा. लोक उलटं करतात. झुआ, मशरूम, लेदर असले मऊ कोरल ठेवायचे असतील तर त्यांच्या जागेवर पार ५० ते १५० भरपूर झाला, मशरूम तर त्याच्याही खाली खुश. पार म्हणजे ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला पोट भरणारा उजेड मोजायचं माप. फांद्यांच्या दगडी कोरलला २०० ते ३५० लागतो, आणि त्याला लाईट, पाणी, खिसा सगळंच तगडं लागतं, पहिल्या वर्षी त्या वाटेला जाऊच नका. इथं कायद्याचं पण सांगून ठेवतो. दगडी कोरल आपल्याकडं १९७२ च्या वन्यजीव कायद्यात शेड्यूल एकमध्ये आहेत, आपल्या समुद्रातून तोडून आणलेला तुकडा घरात ठेवणं हा गुन्हा आहे, मग तो मालवणचा असू दे नाहीतर अंदमानचा. बाहेर देशातून येणाऱ्या दगडी कोरलला साइट्सचा, म्हणजे धोक्यातल्या जीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचा, परवाना लागतो. कागद दाखवत नसेल तर घेऊ नका, कितीही चमकू द्या.

तिसरी पायरी म्हणजे खरेदी, आणि इथंच पैसे बुडतात. लाईट बघताना सगळ्यात आधी वॅट बघू नका, स्पेक्ट्रमचा आलेख मागा, कुठल्या लहरीचा उजेड किती ते दाखवणारा. तो डोंगरासारखा चार्ट असतोय ना, त्यात ४५० ला उंच शिखर पाहिजे आणि त्याच्या डाव्या अंगाला ४०० ते ४३० मध्ये बारकं पण वेगळं टेकाड दिसलं पाहिजे. डाव्या बाजूला सपाट वावर असेल आणि वर पर्पल लिहिलेलं असेल तर तो पर्पल बहुतेक निळा अधिक लाल मिसळून केलेला, झाडाच्या ग्रो लाईटसारखा. डोळ्याला जांभळाच दिसतोय पण झुआ काय पेटत नाहीत. आमच्याकडं एकानं ऑनलाईन असलाच मागवला, मला दाखवायला घेऊन आला, शेवटी त्याच्या बायकोनं त्याच्याखाली मनीप्लांट ठेवला, मनीप्लांट जोरात आहे.

व्हायोलेटचं चॅनल, म्हणजे त्या रंगाच्या डायोडांचा गट, वेगळं कमी-जास्त करता आलं पाहिजे, ही माझी हट्टाची अट आहे. दोनच बटणं असलेला स्वस्त काळा डबा, एका बटणावर निळा-जांभळा सगळा एकत्र आणि दुसऱ्यावर पांढरा, चालतो, मी पण त्याच्यावरच सुरुवात केली, पण नवख्याला शिकायला वेगळं चॅनल बरं. रेडियन, एआय हायड्रा असले महागडे लाईट घेतले तर त्यात यूव्ही आणि व्हायोलेटचे वेगवेगळे चॅनल येतात, मोबाईलवरून चालतात. चायनीजमध्ये नूपसायकी बरीच पोरं वापरायलेत. कुठला पण घ्या, पण प्रमाण लक्षात ठेवा, रॉयल ब्लू सगळ्यात जास्त, जांभळे सगळे मिळून त्याच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्याएवढे, पांढरे थोडे. जांभळेच जास्त असलेला लाईट मुख्य लाईट म्हणून घेणं म्हणजे जेवणात निस्ता ठेचा वाढण्यासारखं आहे.

का, तर हिशोब साधा आहे. पानं काय न् शेवाळं काय, उजेडाचे कण मोजून खातात, ताकद मोजून नाही. जांभळ्या कणात ताकद जास्त, म्हणून एका वॅटमध्ये ४०० चे कण ४५० पेक्षा साधारण ११ टक्के कमीच बसतात. वरून जांभळे डायोड रॉयल ब्लूएवढे कार्यक्षम पण नसतात. म्हणजे तेवढ्याच वीजबिलात कोरलला जेवण कमी. आधी रॉयल ब्लूनं पोट भरायचं, मग जांभळा वरून फोडणीला.

ज्यांच्याकडं आधीच बरा निळा लाईट आहे त्यांनी अख्खा लाईट बदलू नये, वरून एक लांब पट्टीचा जांभळा बार जोडावा. पट्टीचा फायदा असा की उजेड लांबवर पसरतो, सावल्या पडत नाहीत. एकाच ठिकाणी गच्च बसवलेले डायोड असले की दगडाच्या एका बाजूला जांभळा डाग आणि दुसरीकडं अंधार, ते वाईट दिसतं आणि कोरल पण एकाच अंगानं भाजतात. बार घेताना समोर काय लावलंय ते बघा. पॉलीकार्बोनेटचं झाकण ४०० च्या खालचा उजेड बऱ्यापैकी अडवतं आणि हलकं प्लास्टिक दोन उन्हाळ्यात पिवळं पडतं, पिवळं पडलं की जांभळा सगळ्यात आधी मेला. काच असेल तर उत्तम.

चौथी, घरी आल्यावर तपासणी. पार मीटर आपल्याकडं कुठं मिळणार, आणि मिळाला तरी व्याख्येनंच तो ४०० च्या खालचं मोजत नाही. लक्स मीटर किंवा मोबाईलचं ॲप तर जांभळ्यासाठी टाकाऊच. म्हणून देशी पद्धत. खोलीत अंधार करा, निस्तं जांभळं चॅनल लावा आणि खाली कोरा पांढरा झेरॉक्सचा कागद नाहीतर पावडरीत धुतलेलं पांढरं बनियन धरा. कागदात आणि धुण्याच्या पावडरीत चमक आणणारं केमिकल असतं ते ४०० च्या आसपासच्या उजेडात निळसर-पांढरं पेटतं. कागद लख्ख पेटला तर ४०० च्या जवळपास काहीतरी आहे. कागद निस्ताच निळा दिसला तर तुम्हाला रॉयल ब्लूच जांभळा म्हणून विकलाय. ४२० वाल्या डायोडवर कागद कमी पेटतो, तेव्हा यूव्ही चॅनल वेगळं आणि व्हायोलेट वेगळं लावून बघा आणि मगच दुकानदाराशी भांडा.

आता पाचवी पायरी, आणि ही नीट वाचा बाकीचं विसरलात तरी चालेल, कारण माझे पैसे इथं गेलेत. पहिल्यांदा व्हायोलेटचा बार आणला, लावला, आणि मला वाटलं हा लईच मिणमिणता आहे, उगं फसलो. मग काय केलं, सगळं १०० टक्के केलं, वरून बार पाण्याच्या अजून जवळ घेतला. आठ-दहा दिवसांत मशरूम आक्रसून सुपारीएवढे झाले, झुआ उघडेनात, वरच्या दगडावरचा लेदर फिका पडून कागदासारखा दिसायला लागला. मी पाणी तपासतोय, मीठ बदलतोय, विकणाऱ्याला शिव्या देतोय, आणि गुन्हेगार डोक्यावर लटकलेला.

झालं काय होतं, माणसाचा डोळा जांभळ्याला जवळपास आंधळा आहे. आपला डोळा ५५५ च्या पोपटी उजेडाला सगळ्यात तेज, आणि तेवढ्याच ताकदीचा ४०० चा उजेड ४५० च्या निळ्यापेक्षा आपल्याला साधारण शंभरावा हिस्सा दिसतो. शंभरावा! म्हणजे डोळ्याला मिणमिणता वाटणारा बार कोरलच्या डोक्यावर मे महिन्याचं ऊन ओतत असू शकतो. उथळ समुद्रातले कोरल स्वतःच्या अंगात सनस्क्रीनसारखं द्रव्य बनवतात, पण महिनोन्महिने निळ्या एलईडीखाली वाढलेल्या फ्रॅगला, म्हणजे कोरलच्या तुकड्याला, त्याची सवय राहिलेली नसते, एकदम दिलं की भाजतं.

त्यामुळं माझा आताचा नेम असा. नवीन लाईट पाण्यापासून २५-३० सेंटिमीटर वर. रॉयल ब्लू ३५-४० टक्के, व्हायोलेट १५, यूव्ही १०, पांढरा ५ ते १०. एक आठवडा हात लावायचा नाही. मग दर आठवड्याला पाच-पाच टक्के, आणि दोन चॅनल एकदम वाढवायचे नाहीत, नाहीतर बिघडलं तर कशानं बिघडलं ते कळत नाही. ॲपमध्ये ॲक्लिमेशन मोड, म्हणजे उजेड आपोआप हळूहळू वाढवणारा, असेल तर तो लावा आणि विसरा. दिवसात आठ ते दहा तास लाईट पुरे, सकाळी तास-दोन तासांत हळूहळू चढवत न्या आणि संध्याकाळी तसंच उतरवा. शेवटचा तासभर निस्तं निळं-जांभळं, तो आपल्यासाठी, कोरलसाठी नाही, खुर्ची टाकून बसायचं.

कोरल काय म्हणतोय ते असं ओळखा. मान लांब करून वर ताणला, रंग तपकिरी व्हायला लागला, तर बहुतेक उजेड कमी, किंवा पाण्यात नायट्रेट-फॉस्फेट लई वाढलंय. फिका पडायला लागला, तोही वरच्या बाजूनं, आणि सावलीतला भाग मात्र चांगला, तर उजेड जास्त, तेव्हा व्हायोलेट-यूव्ही निम्म्यावर आणा किंवा कोरल खाली वाळूवर ठेवा. चोहोबाजूंनी सारखाच फिका असेल तर नायट्रेट तपासा, शून्य निघालं तर ते उपाशी आहे, लाईटचा दोष नाही. कोळसा, म्हणजे ॲक्टिव्हेटेड कार्बन, नवीन टाकल्यावर पण सांभाळा. जुनं पाणी पिवळसर झालेलं असतं आणि तो पिवळेपणा जांभळा उजेडच आधी गिळतो, कार्बननं पाणी एका रात्रीत काचेसारखं झालं की तोच लाईट कोरलला अचानक जास्त लागतो. त्या दिवशी पाच-दहा टक्के कमी करा.

डोळ्यांचं सांगायचं राहिलं. चालू जांभळ्या डायोडकडं सरळ बघायचं नाही, खाली वाकून लेन्स पुसायची नाही. उजेड मंद वाटतो म्हणून डोळ्याची बाहुली लहान होत नाही आणि नको ते सगळं आत जातं. टँकमध्ये हात घालायच्या वेळी पांढरं लावा, जांभळं बंद करा. घरात रांगतं लेकरू असेल तर बार अशा उंचीवर नको की ते खालून टकमक बघत बसेल.

मराठवाड्यात अजून दोन शत्रू आहेत, ऊन आणि लाईट जाणं. ऊन आधी. एलईडीची पाठ तापली की उजेड पण घटतो आणि आयुष्य पण, आणि मेमध्ये खोलीच ४० ला गेली तर त्याच्या पंख्यानं करायचं काय. लाकडी झाकणात कोंडू नका, वर मोकळं ठेवा, पंख्याच्या जाळीत आपली काळ्या मातीची धूळ बसते ती महिन्याला ब्रशनं काढा. पाणी २५ ते २७ डिग्रीत पाहिजे. पाण्यावर पंखा मारला की बाष्पीभवनानं दोन-चार डिग्री उतरतं, इथं आपण मुंबईवाल्यांपेक्षा नशीबवान, आपली हवा कोरडी, पंखा मस्त काम करतो, पण पाणी रोज बादलीनं उडतं, ते आरओच्या पाण्यानंच भरायचं, खाऱ्या नाही, बोअरच्या तर मुळीच नाही. आणि पाणी २९-३० ला टेकलं तर त्या आठवड्यात लाईट २० टक्के कमी करा, व्हायोलेट तर अजून खाली. समुद्रात पण कोरल पांढरे पडतात ते निस्त्या उष्णतेनं नाही, उष्णता आणि तीव्र ऊन एकत्र आलं की शेवाळांचं यंत्र बिघडतं आणि कोरल भाडेकरूंना हाकलून देतो.

लाईट जाण्याचं म्हणाल तर इन्व्हर्टरवर एलईडी टाकू नका, वेव्हमेकर, म्हणजे पाणी हलवणारा पंप, आणि एअर पंप टाका. अर्धा दिवस अंधारात कोरल काही मरत नाही, आभाळ भरून येतंच की समुद्रात, पण पाणी थांबलं तर ऑक्सिजन संपून मासे आधी जातात. खरी गंमत लाईट परत आल्यावर. कित्येक स्वस्त कंट्रोलर वीज आली की घड्याळ विसरतात आणि फॅक्टरी सेटिंगवर, म्हणजे सगळे चॅनल १०० वर, सुरू होतात. तुम्ही ऑफिसात, टँक भाजतोय. म्हणून नवीन लाईट आणला की पहिल्याच दिवशी सेटिंग करून मुद्दाम बटण बंद करा, दहा मिनिटांनी चालू करा आणि बघा काय लक्षात ठेवलंय. लक्षात ठेवत नसेल तर परत करायची मुदत संपायच्या आत परत करा. मी नाही केला, आता दर वेळी लाईट आली की आईला फोन करतो, आणि ती स्टुलावर चढून जांभळं बटण फिरवून सांगते, "केलं बाबा पंधरावर, ठेव आता फोन."